कुडव्याच्या बाईंचा फ्रिज

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला, त्याच वर्षी, एकोणीसशे नव्व्याण्णवला, मी गोंदियात फ्रिज दुरुस्तीचं दुकान टाकलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण साल लक्षात राहायला सोपं जातं म्हणून मी सगळ्यांना असंच सांगत आलो. त्याआधी नागपुरात एका सर्व्हिस सेंटरला बारा वर्षं काढली होती. बायकोचं, सुमनचं, माहेर इकडचं. ती म्हणाली, आता आपल्या मुलखात चला. बाजाराच्या मागच्या गल्लीत एक शटर मिळालं, शटरच्या मागे दोन खोल्या. शटरवर माझं आडनाव रंगवून घेतलं, पटले. मूलबाळ आम्हाला झालं नाही. दोन माणसांना दोन खोल्या पुरत होत्या.

सुमन गेली ती दुकान टाकल्यानंतर चौथ्या वर्षी. कावीळ झाली आणि उतरलीच नाही. तिच्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही. एवढंच सांगतो की त्यानंतर मी संध्याकाळी शटर लवकर पाडायचं सोडून दिलं, कारण शटर पाडून आत वळलं की समोर त्याच दोन खोल्या असायच्या.

लोकांना वाटतं मिस्त्रीचं काम दुकानात चालतं. फ्रिज काही कोणी उचलून दुकानात आणत नाही. आमचं काम लोकांच्या स्वयंपाकघरात, जमिनीवर पालथं पडून. पाहुणा आला तर त्याला बैठकीत बसवतात, मला पहिल्याच दिवशी ओट्यापाशी नेत. घरातली माणसं माझ्यासमोर भांडत, रडत, हिशेबाच्या नाही तर मनातल्या गोष्टी बोलत. मिस्त्रीला कान असतात हे कोणाच्या लक्षात राहत नसे. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. उलट सुमन गेल्यावर मला दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरातला आवाज बरा वाटू लागला. कुकरची शिटी, पोळ्यांचा वास, कोणीतरी कोणाला तरी हाक मारतं आहे. काम वीस मिनिटांचं असलं तरी मी पाऊण तास लावायचो.

आता थोडं कामाबद्दल, नाहीतर पुढचं कळणार नाही.

सडक अर्जुनीला हमरस्त्यावर एक ढाबा होता. मालकाची तक्रार, फ्रिज थंड करत नाही. जाऊन पाहिलं तर फ्रिज तंदूरच्या शेजारी, पाठ भिंतीला चिकटलेली, आणि वरून पाठीवर पोत्याचं जाड गोणपाट बांधलेलं. विचारलं, हे कायले बांधलं? तो म्हणाला, "थंडी बाहेर निघून जाते ना जी, म्हणून बांधलं." मी त्याला सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. फ्रिज थंडी तयार करत नाही. तो आतली गरमी उचलतो आणि पाठीमागून बाहेर टाकतो, एवढंच करतो. त्याची पाठ झाकली म्हणजे त्याचा श्वास कोंडला. गोणपाट सोडलं, फ्रिज तंदूरपासून दूर ओढला, भिंतीपासून वीतभर सोडला. दुरुस्ती संपली. ढाबेवाल्याला मात्र पटलं नाही. स्क्रू-ड्रायव्हर न लावता फ्रिज सुधारतो यावर लोकांचा विश्वास बसत नाही.

दरेकशाला जंगलाकडेच्या एका घरी लग्नात आलेला फ्रिज होता. विजेचा दाब इतका कमी, की कॉम्प्रेसर कण्हायचा आणि बंद पडायचा. मी दार उघडलं तर आत साड्या घडी करून ठेवलेल्या. घरची बाई म्हणाली, "उंदीर नाही लागत जी याच्यात." मी म्हणालो, स्टॅबिलायझर लावला तर फ्रिज चालेल. ती विचारात पडली. "चालला, तं मंग साड्या कुठं ठेवू?" मी तसाच परत आलो.

हे झाले हसण्याचे किस्से. मला सांगायचं आहे ते कुडव्याच्या बाईंबद्दल.

कुडवा म्हणजे गोंदियाला लागूनच. घरं, छोटी दुकानं, लोक दुचाकीवर गावात कामाला येतात-जातात. तिथे गजभिये बाई राहायच्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. नवरा रेल्वेत होता, तो वारला होता. मुलगी वैशाली नागपुरात बँकेत. दोन खोल्या, पुढे ओसरी, ओसरीवर तुळशीच्या जागी मिरचीची कुंडी, आत भिंतीवर बुद्धाची तसबीर. आणि स्वयंपाकघरात मुलीने घेऊन दिलेला डबल डोअरचा फ्रिज, वर बर्फाचा कप्पा, खाली मोठा.

पहिल्यांदा गेलो ते मे महिन्यात. आमच्याकडचा मे म्हणजे बाहेर उभं राहिलं की कानाच्या पाळ्या भाजतात. त्यात रोजचं भारनियमन. बाईंची तक्रार अशी, की वरच्या कप्प्यात बर्फ जमतो आणि खालच्या कप्प्यात दूध नासतं.

हा या फ्रिजचा नेहमीचा रोग. थंडी तयार होते ती सगळी वर, बर्फाच्या कप्प्याच्या पाठीमागे. तिथे एक छोटा पंखा असतो. तो ती हवा थोडी वर ठेवतो, थोडी एका बोगद्यातून खाली सोडतो. पाठीमागच्या नळ्यांवर साचलेला बर्फ वितळवायला एक हीटर असतो. तो जळला की बर्फ वाढत वाढत पंख्यापर्यंत येतो आणि बोगदा बुजतो. मग वर बर्फ आणि खाली उन्हाळा.

मी मागचा पत्रा काढला, बर्फ वितळवला, हीटर बदलला. बाई सगळा वेळ मागे स्टुलावर बसून होत्या. बाकीचे लोक "किती वेळ लागेल" विचारतात. बाई विचारत होत्या, "हा पंखा कशासाठी? ही हवा खाली कशी जाते?" मी सांगितलं की त्या वहीत चित्र काढून दाखवत, "असं का?" एका ठिकाणी मी चुकीचं सांगितलं, तर म्हणाल्या, "पटले मिस्त्री, तुम्ही मघाशी उलटं सांगितलं होतं." मला हसू आलं. शाळेनंतर पहिल्यांदा कोणी माझी चूक काढली होती.

मग त्यांनी दारातल्या फळीवरून स्टीलची एक डबी काढली. आत इन्सुलिनच्या बाटल्या. म्हणाल्या, "दूध नासलं तर चालते मला. हे नासलं नाही पाहिजे."

आता मी काय केलं ते नीट लिहितो.

मी त्यांना म्हणालो, "बाई, ही डबी दारात नका ठेवू. दार उघडझाप होते, गरम हवा लागते. खालच्याच कप्प्यात, वरच्या फळीवर एकदम मागे ठेवा. तिथे सगळ्यात जास्त थंड." त्या फळीच्या मागेच बोगद्याचं तोंड असतं. आणि उन्हाळा होता म्हणून वरच्या कप्प्यातलं झडपेचं बटन मी असं फिरवून ठेवलं की खाली जास्तीत जास्त थंड हवा यावी. बाईंनी विचारलं, "हे बटन मी कधी फिरवायचं?"

"तुम्ही हात नका लावू," मी म्हणालो. "चुकीचं फिरलं तर पुन्हा तेच होईल. दिवाळी झाली की मी येऊन कमी करून देतो."

त्यांनी वहीत लिहिलं. लिहिताना मोठ्याने म्हणाल्या, "बटनाला हात लावू नये. दिवाळीनंतर मिस्त्री येतील."

त्यांना बटन फिरवायला शिकवणं दोन मिनिटांचं काम होतं. ज्या बाईने चाळीस पोरांचे वर्ग शिकवले, तिला एक बटन समजलं नसतं असं नाही. मी शिकवलं नाही, कारण मला परत यायचं होतं. तेव्हा हे मला स्वतःलाही कळत नव्हतं, आता कळतं.

परत जायला दिवाळीपर्यंत थांबलो नाहीच. पंधरा दिवसांनी गेलो, म्हणालो, इकडे काम होतं, म्हटलं हीटर पाहून घ्यावा. मग पावसाळ्यात दाराचं रबर पाहायला गेलो. मग पाणी जाण्याची नळी साफ करायला. नळी साफच होती. बाई चहा करायच्या, स्वतः बिनसाखरेचा घ्यायच्या आणि माझ्या चहात साखर किती घालायची हे दर वेळी विसरायच्या. बोलायचो काय? त्यांच्या शाळेबद्दल, सुमनबद्दल. सुमनचं नाव मी तिच्या मागे पहिल्यांदा मोठ्याने त्या स्वयंपाकघरात घेतलं. त्यांनी विचारलं होतं, "जेवता कुठं?" मी म्हणालो डबा येतो. पुढच्या वेळी निघताना त्यांनी वाटीभर भाजी झाकून दिली. "वाटी आणून द्या," म्हणाल्या. वाटी द्यायला जाणं म्हणजे आणखी एक फेरी.

याच्या पलीकडे काही नव्हतं. दोन उतारवयाची माणसं, मध्ये एक फ्रिज. मी स्टुलावर, त्या ओट्याशी. दार सताड उघडं.

कुडव्याच्या चौकात एक पानठेला होता. नवरात्राच्या आसपास एकदा बाईंकडून निघालो आणि तिथे सुपारी घ्यायला थांबलो. चार-पाच जण उभे होते. ठेलेवाला चुना लावता लावता म्हणाला, "क्या पटले मिस्त्री, मॅडम का फ्रिज बहुत बीमार रहता है क्या? हर हफ्ते डॉक्टर आता है."

सगळे हसले. मीही हसलो. एक जण म्हणाला, "सर्व्हिसिंग चालू आहे, सर्व्हिसिंग." पुन्हा हसले.

सुपारी न घेताच मी स्कूटर सुरू केली. घरी येईपर्यंत मी त्यांना द्यायची उत्तरं मनात जुळवत होतो. माझं काय जायचं होतं? मी एकटा माणूस. पण बाई तिथे राहत होत्या, त्यांच्या शाळेतली पोरं मोठी होऊन त्याच चौकात उभी राहत होती. मी स्वतःला सांगितलं, त्यांच्यासाठी जाणं बंद केलं पाहिजे. हे अर्धंच खरं होतं. मला लाज वाटली होती, आणि ती लाज पटकन जाईना.

दिवाळी झाली. मी गेलो नाही.

त्या वर्षी थंडी चांगली पडली. नोव्हेंबर संपता संपता बाईंचा दुकानावर फोन आला. "मिस्त्री, तुम्ही बटन कमी करायला येणार होते ना? कोथिंबीर काळी पडून राहिली. दह्यावर बर्फासारखं येते."

"येतो बाई," मी म्हणालो. "दोन-चार दिवसांत येतो."

हा फोन मी हजार वेळा आठवला असेन. कोथिंबीर काळी पडते म्हणजे खालच्या कप्प्यात गोठण आहे, हे मला ऐकताक्षणी कळलं होतं. फोनवरच सांगता आलं असतं की बाई, वरच्या कप्प्यातलं बटन डावीकडे दोन घरं फिरवा आणि डबी दारात ठेवा. एका वाक्याचं काम. पण ते वाक्य बोललो असतो तर मला त्या घरी जायला कारणच उरलं नसतं. जायची हिंमत नव्हती आणि कारणही सोडवत नव्हतं. मी ते बटन जपून ठेवलं. डबीचा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही. कोथिंबीर गोठते तिथे दुसरं काय काय ठेवायला मीच सांगितलं आहे, हे वीस वर्षं फ्रिज उघडत आलेल्या मिस्त्रीला सुचलं नाही.

दोन-चार दिवसांचे पाच आठवडे झाले.

जानेवारीत एका सकाळी त्यांच्या शेजारणीचा, चंद्रकलाबाईंचा, फोन आला. बाईंच्या फोनशेजारी भिंतीवर माझा नंबर लिहिलेला होता म्हणून तिने लावला. "मिस्त्रीभाऊ, बाईले दवाखान्यात नेलं जी. दूधवाल्याने आवाज देल्ला, उठतच नाहीत. साखर लय वाढली म्हणते डॉक्टर. ते सांगून राहिले इंजेक्शनची बाटली आणा म्हणून, मले फ्रिजातलं काही समजत नाही."

मी गेलो. चौकातून गेलो, ठेल्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चंद्रकलाबाईने दार उघडून दिलं. स्वयंपाकघर जागच्या जागी होतं, ओट्यावर धुतलेला एक कप पालथा. फ्रिज उघडला. खालच्या कप्प्यात वरच्या फळीवर, एकदम मागे, बोगद्याच्या तोंडाशी स्टीलची डबी होती. मी सांगितली होती तिथेच. उचलली तर बोटाला चिकटली. आत तीन बाटल्या. दोन घट्ट गोठलेल्या. वापरात असलेली तिसरी, तिच्यात बर्फाचे कण फिरत होते.

वरच्या कप्प्यातलं बटन मी मे महिन्यात लावून ठेवलं होतं तिथेच होतं. बाईंनी हात लावला नव्हता.

मी ते फिरवलं. दोन बोटांनी, दोन घरं. टक, टक आवाज झाला. चंद्रकलाबाई म्हणाली, "एवढंच होतं काय जी?"

मी डबी पिशवीत घातली आणि दवाखान्याकडे निघालो.

डॉक्टर तरुण होता. त्याने बाटली उजेडात धरली आणि मला म्हणाला, "हे गोठलं की संपलं. पुन्हा पातळ झालं तरी कामाचं राहत नाही. त्या किती दिवसांपासून हेच टोचत होत्या?" नंतर कळलं की बाई रोज बाटली तळहातात चोळून, बर्फ वितळवून, वेळच्या वेळी इंजेक्शन घेत होत्या. औषध नियमाने चालू होतं. थकवा आला, तहान वाढली, तरी त्यामुळेच त्यांना औषधाची शंका आली नाही.

मी डॉक्टरला सांगितलं, डबी तिथे ठेवायला मीच सांगितलं होतं. तो घाईत होता. "बरं," म्हणाला आणि पुढच्या खाटेकडे गेला. मला वाटलं होतं कोणीतरी ओरडेल. कोणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई शुद्धीवर होत्या. हाताला सलाईन, चेहरा उतरलेला. वैशाली औषध आणायला खाली गेली होती. मी खाटेशेजारी उभा राहिलो, बसलो नाही.

"बाई, चूक माझी आहे. बटन मी वाढवून ठेवलं होतं. डबी मी तिथे ठेवायला लावली."

त्यांनी डोळे उघडले. मला नीट पाहायला त्यांना वेळ लागला.

"बटनाचं राहू द्या," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "कोथिंबिरीसाठी कोणी मिस्त्रीला फोन करते काय?"

त्यांनी सलाईनचा हात जरा बाजूला घेतला.

"तुम्ही आले काऊन नाही?"

"काम होतं बाई. लग्नसराई, कामं साचली होती."

पस्तीस वर्षं पोरांची कारणं ऐकलेल्या माणसासमोर मी हे बोललो. थंडीत फ्रिजच्या मिस्त्रीकडे किती काम असतं ते त्यांनाही माहीत होतं. त्यांनी मान हलवली, "हं," म्हणाल्या आणि डोळे मिटले. वैशाली आली. मी निघालो.

आठ दिवसांनी मुलगी त्यांना नागपूरला घेऊन गेली. घर भाड्याने दिलं. फ्रिज कोणाला दिला की विकला, मला माहीत नाही, मी विचारलं नाही. चंद्रकलाबाईकडून कळायचं ते एवढंच, की बाईंच्या डोळ्यांचं बिघडलं आहे. डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे डोळे आधीपासूनच खराब होत होते. त्यातलं आधीचं किती आणि माझ्या पाच आठवड्यांचं किती, हे सांगणारं यंत्र कोणाकडे नाही. मी खूप दिवस त्यावर विचार केला आणि मग सगळं माझ्याच नावावर टाकून दिलं. त्याने झोप लागत नसे, पण विचार थांबायचा.

कामात एक बदल केला. त्यानंतर एकाही घरातून मी बटन शिकवल्याशिवाय निघालो नाही. म्हाताऱ्या माणसांना, शाळेत न गेलेल्या बायांना, सगळ्यांना. त्यांचा हात धरून फिरवायला लावायचो. "उन्हाळ्यात इकडे, हिवाळ्यात तिकडे. औषध असेल तर दारात नाही तर भाजीच्या डब्याजवळ ठेवा, मागच्या भोकासमोर कधी नाही." लोक म्हणायचे, मिस्त्री, तुम्हीच येऊन करून देत जा ना. मी म्हणायचो, मिस्त्रीचा भरवसा धरू नका. त्यांना तो विनोद वाटायचा. फेऱ्या साहजिकच कमी झाल्या. लोकांच्या स्वयंपाकघरात माझं बसणंही कमी झालं. काम झालं की पिशवी उचलायची.

मग बटनं जाऊन आकडे आले. फ्रिज स्वतःच ठरवू लागले कधी किती थंड व्हायचं. बिघडले तर आतली सर्किटची पाटी बदलायची, ती कंपनीचा माणूस बदलायचा. माझे गुडघे गेले, जमिनीवर पालथं पडणं होईना. शटर एका मोबाइलवाल्याला दिलं आणि मागच्या दोन खोल्यांत राहिलो.

दुकान बंद झाल्यावर पहिल्याच महिन्यात मी नागपूरला गेलो. चंद्रकलाबाईकडून पत्ता घेतला होता. गाडीत बसेपर्यंत ठरत नव्हतं. हातात हत्यारांची पिशवी नव्हती, त्यामुळे हात कुठे ठेवायचे ते कळत नव्हतं.

वैशालीने दार उघडलं. ओळखायला तिला क्षणभर लागलं. "अरे, फ्रिजवाले काका!" ती आत वळून म्हणाली, "आई, गोंदियाचे फ्रिजवाले आले आहेत. बघ ना, इथे काही काम होतं का यांचं?"

बाई खिडकीजवळ खुर्चीत बसल्या होत्या. आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. नजर माझ्या खांद्यावरून कुठेतरी मागे गेली.

"कामाले नाही आले ते," त्या म्हणाल्या. "चहा टाक."

वैशाली चहा देऊन बँकेत गेली. आम्ही दोघेच उरलो. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता. तो पुढे गेला तेव्हा मी सांगितलं.

"बाई, काम नव्हतं तेव्हा. मी खोटं बोललो. चौकात लोक काहीबाही बोलले म्हणून नाही आलो."

त्यांनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "मले मालूम होतं ते. चंद्रकला रोज येऊन सांगत जाय, कोण काय बोलून राहिलं ते. मी तिला म्हणत होती, बोलू दे. दार मी लावत नाही." मग माझ्याकडे तोंड करून, "दार उघडंच होतं मिस्त्री."

माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. मीही मागितली नाही. चहा निवला. निघावं असा विचार करत होतो, तर त्यांनी बाजूच्या टेबलावर चाचपून वर्तमानपत्र उचललं आणि माझ्याकडे धरलं.

"वाचता येते ना चांगलं? वाचा. वैशालीला वेळ नसते."

मी वाचायला लागलो. मी काही वाचणारा माणूस नाही, अडखळत होतो. त्या मध्येच थांबवायच्या. "'आश्वासन' वाचा नीट. शेवटी न आहे, गिळू नका." पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं, बाजारभावसुद्धा. मग म्हणाल्या, "दुसऱ्या शनिवारी रिकामे असता काय?"

मी रोजच रिकामा होतो.

दीड वर्ष गेलो, दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी. सकाळच्या गाडीने जायचं, पेपर वाचायचा, जेवायचं, परत यायचं. फ्रिजचा विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही. मग एका शुक्रवारी वैशालीचा फोन आला, की काका, उद्या येऊ नका, आई सकाळीच गेली. तरी मी गेलो. घरभर माणसं होती, त्यांचे नातेवाईक, शाळेतले जुने लोक. मी जिन्यात चपला काढल्या, दारातून पाहिलं आणि थोड्या वेळाने उतरून स्टेशनवर आलो.

आता या दोन खोल्यांत मी रोज पेपर घेतो आणि मोठ्याने वाचतो. सवय लागली आहे. एखादा शब्द चुकतो. मी थांबतो, थोडी वाट पाहतो. मग पुढची ओळ वाचतो.